सूर्याला बटन नसतं

गेल्या दोन वर्षांत आमच्या नातेवाईकांच्या गप्पांत एक नवा प्रश्न येऊन बसला आहे. "तुमचं किती किलोवॉटचं?" पूर्वी लग्नकार्यात लोक जमिनीचे भाव आणि मुलांचे पगार विचारायचे, आता छपराचे किलोवॉट विचारतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. १ कोटी घरांचं उद्दिष्ट, ३ किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान. तेव्हापासून आमच्याच गोतावळ्यात तीन छपरं निळी-काळी झाली. कोणाचं पॅनेल कुठल्या कंपनीचं, कोणाचं दिवसाला किती युनिट, बिल शून्य आलं की नाही, यावर तासन्‌तास चर्चा होते.

पण एक गोष्ट कोणी बोलत नाही. पॅनेलपासून खाली घरापर्यंत येणारी ती लाल-काळी वायर, आणि मधे भिंतीवर ठोकलेली ती राखाडी पेटी. तिला धंद्यात डीसीडीबी म्हणतात. शेजारी तिची बहीण एसीडीबी. पैसे देताना कोटेशनमधल्या या ओळीवरून आपली नजर घसरते आणि थेट शेवटच्या आकड्यावर जाते. मला मात्र हल्ली त्या पेटीचंच कुतूहल वाटायला लागलंय. त्यामागचा इतिहास वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं की पॅनेलचा इतिहास शास्त्रज्ञांचा आहे, त्याची पुस्तकं आहेत, नोबेलं आहेत. पेटीचा इतिहास मात्र आगींचा आहे. तिच्यातला जवळजवळ प्रत्येक भाग म्हणजे कुठेतरी काहीतरी जळल्याची आठवण आहे.

तर सुरुवात न्यूयॉर्कपासून करावी लागेल. ४ सप्टेंबर १८८२ रोजी एडिसनने तिथल्या पर्ल स्ट्रीटवर आपलं वीजघर सुरू केलं. ११० व्होल्टची डीसी वीज, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. तारा रस्त्याखालून नेल्या होत्या. तांब्याच्या कांबी, त्यांना गुंडाळलेला दोर, बाहेर लोखंडी नळी आणि मधल्या पोकळीत ओतलेलं डांबरासारखं मिश्रण, असा सगळा थाट. त्याच शहरात दोनच वर्षांनी, १८८४ च्या सुमारास, चार्ल्स फ्रिट्स नावाच्या माणसाने सेलेनियमच्या पातळ थरावर सोन्याचा त्याहून पातळ मुलामा देऊन बनवलेल्या पट्ट्या एका छपरावर मांडल्या. जगातलं पहिलं छपरावरचं सोलर ते हेच. उन्हातल्या शंभर भागांतला जेमतेम एक भाग विजेत बदलायचा, त्यामुळे पुढे कोणी विचारलं नाही.

म्हणजे वीजघर आणि सोलर छप्पर ही एकाच गावची, एकाच वयाची भावंडं. आणि दोघांची वीज एकाच जातीची, डीसी.

पुढची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. एडिसनची डीसी लांब जाऊ शकत नव्हती, वेस्टिंगहाऊस आणि टेस्ला यांची एसी शेकडो मैल जाऊ शकत होती, एसी जिंकली. (इथे एसी म्हणजे थंड हवेचं यंत्र नव्हे, सेकंदात अनेकदा दिशा बदलणारी वीज.) आपल्या घरात येते ती ५० हर्ट्झची एसी. ती सेकंदात १०० वेळा शून्यावरून जाते. हे "शून्यावरून जाणं" फार महत्त्वाचं आहे, कारण आपण बटन बंद करतो तेव्हा आत दोन धातूंच्या टोकांमध्ये एक बारीक ठिणगी उडते. एसी असेल तर पुढच्या शून्याला ती ठिणगी आपोआप विझते. बटनाला फारसं काही करावंच लागत नाही, वीज स्वतःच श्वास घ्यायला थांबते.

डीसी थांबत नाही. दोन टोकं लांब केली तरी ठिणगी मधल्या हवेतून पूल बांधते आणि तो पूल जळत राहतो. याला आर्क म्हणतात. त्याचं तापमान काही हजार अंश असतं, तांबं वितळतं, प्लॅस्टिकची तर बातच नको.

हा आर्क एकोणिसाव्या शतकात लोकांनी मुद्दाम पेटवला होता. रस्त्यावरचे दिवे म्हणून. दोन कोळशाच्या कांड्या, मधे झगझगीत उजेड. पण तो दिवा मधूनच फुसफुसायला लागायचा, नागासारखा, आणि उजेड अस्थिर व्हायचा. का फुसफुसतो ते कोणाला कळत नव्हतं. ते शोधून काढलं लंडनच्या हर्था आयर्टन या बाईंनी. कोळशाच्या टोकाला पडलेल्या खळग्यात हवेतला ऑक्सिजन घुसतो, म्हणून तो आवाज, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवलं. १८९९ मध्ये तिथल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने त्यांना सभासद करून घेतलं, त्या संस्थेतली ती पहिली स्त्री. १९०२ मध्ये आर्कवर त्यांचं जाडजूड पुस्तक आलं. मग आर्कचे दिवे गेले, साधे बल्ब आले आणि तो विषय बंद झाला असं सगळ्यांना वाटलं. ही बाई लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा येणार आहे.

डीसीचं काय झालं? ती हळूहळू आकसत गेली, पण आपल्या मुंबईकरांच्या डोळ्यांसमोर ती फार काळ होती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. पावसाळ्यात लोकलच्या टपावर, वरची तार आणि पेंटोग्राफ यांच्यामध्ये निळसर-हिरवा लखलखाट व्हायचा आणि डब्यातले सगळे क्षणभर निळे दिसायचे, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना आर्क वेगळा समजावून सांगायची गरज नाही. पुढे मुंबईची रेल्वे टप्प्याटप्प्याने २५ हजार व्होल्ट एसीवर गेली. हार्बरवरचा शेवटचा तुकडा एप्रिल २०१६ मध्ये बदलला आणि मुंबईच्या लोकलमधली डीसी संपली. त्याआधी नोव्हेंबर २००७ मध्ये न्यूयॉर्कमधल्या वीज कंपनीने एडिसनच्या काळापासून चालत आलेला डीसी पुरवठा बंद केला होता. सव्वाशे वर्षांची गोष्ट संपली अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या.

गंमत अशी की समोरच्या दाराने तिला निरोप देत असताना ती वरून, छपरावरून, घरात परत येत होती. आज मोठ्या सौर प्रकल्पांत पॅनेलच्या माळा १५०० व्होल्ट डीसीपर्यंत जातात. म्हणजे मुंबईच्या लोकलचाच आकडा! घरच्या छपरावर तो कमी असतो, पण "कमी" म्हणजे किती, ते पुढे सांगतो.

मधला इतिहास भराभर सांगतो. १९५४ मध्ये अमेरिकेत बेल लॅबच्या चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी सिलिकॉनचा सोलर सेल जाहीर केला, सुमारे ६ टक्के कार्यक्षमतेचा. १९५५ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या अमेरिकस गावात टेलिफोनच्या खांबावर त्याची चाचणी झाली. १९५८ मध्ये तो व्हॅनगार्ड उपग्रहावर बसून अवकाशात गेला. अवकाशात ना पाऊस, ना पाल, ना मुंग्या. तारांची चिंता वेगळी होती. १९७३ मध्ये डेलावेअर विद्यापीठाने "सोलर वन" नावाचं सौरविजेचं घर बांधलं. आपल्याकडे साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्सने १९७७ मध्ये देशातला पहिला सोलर सेल आणि १९७८ मध्ये पहिलं पॅनेल बनवलं. आणि १९८७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मार्कुस रेआल नावाच्या इंजिनीअरने एक भन्नाट गोष्ट केली. एकाच जागी मोठं सौर केंद्र उभारण्याऐवजी ३३३ घरमालकांना गाठून प्रत्येकाच्या छपरावर ३ किलोवॉट बसवायचं ठरवलं. मिळून १ मेगावॉट. आज आपल्याकडे अनुदान ज्या आकड्याला पूर्ण मिळतं तो हाच, ३ किलोवॉट!

इथे तारेच्या आयुष्यात मोठा बदल झाला. वीज केंद्रात शिकलेली माणसं असतात, कुंपण असतं, "धोका" लिहिलेली कवटीची पाटी असते. छपरावर काय असतं? वाळत घातलेले पापड, पतंग काढायला चढलेली पोरं आणि पाण्याची टाकी बघायला गेलेले आजोबा. वीज केंद्राचे ३३३ तुकडे केले की धोक्याचेही ३३३ तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याचा राखणदार म्हणजे तुमच्या-आमच्यासारखा माणूस.

नियम कसे जन्माला येतात याचाही एक क्रम आहे. आधी वस्तू येते, मग आग लागते, मग विमेवाले ओरडतात, मग नियम येतो. घरगुती विजेच्या बाबतीत लंडनमध्ये १८८२ मध्येच "विजेच्या दिव्यांपासून आग लागू नये म्हणून" नियमांचं छोटं पुस्तक निघालं. अमेरिकेची राष्ट्रीय विद्युत संहिता १८९७ ची. तिच्यात सोलरसाठी स्वतंत्र प्रकरण आलं १९८४ मध्ये, क्रमांक ६९०. आज जगभरातल्या इंजिनीअरांना हा आकडा आपल्याकडच्या ४२० सारखा पाठ असतो.

त्या काळात सोलर वापरणारे अमेरिकेत कोण होते? बरेचसे शहर सोडून डोंगरात राहायला गेलेले लोक. गाडीची बॅटरी, १२ व्होल्टचा दिवा, मिळेल ती तार. म्हणजे शुद्ध जुगाड. १९८७ पासून त्यांचं "होम पॉवर" नावाचं मासिक निघायचं. त्यात न्यू मेक्सिकोच्या विद्यापीठातले जॉन वाइल्स वर्षानुवर्षं फक्त वायरिंगच्या नियमांवर सदर लिहीत. तार किती जाडीची, फ्यूज कुठे, अर्थिंग कशी. या माणसाचं मला फार कौतुक वाटतं. पॅनेलवर लिहिलं असतं तर टाळ्या मिळाल्या असत्या, याने स्क्रू घट्ट करण्यावर लिहिलं. कितीतरी घरं त्यामुळे जळायची वाचली असतील, पण न लागलेल्या आगीची बातमी कुठे छापून येते?

आता मुख्य अडचणीकडे येतो. लहानपणापासून आपल्याला शिकवलेलं असतं की काही झालं तर फ्यूज उडेल. जुन्या वाड्यात लाकडी पट्टीवर ते पांढरं चिनीमातीचं किटकॅट असायचं, त्यातली बारीक तार जळायची आणि घर वाचायचं. शॉर्ट सर्किट झालं की अख्ख्या जाळ्यातली वीज तिथे धावत येते, शेकडो अँपिअर, आणि फ्यूज क्षणात उडतो.

सोलर पॅनेल तसं वागत नाही. आज सर्रास मिळणारं ५४० वॉटचं पॅनेल भर उन्हात साधारण १३ अँपिअर देतं. त्याची दोन टोकं एकमेकांना जोडून सरळ शॉर्ट केलं तर? १४ अँपिअरच्या आसपास. बस. सूर्य जेवढं देतो तेवढंच ते देणार. म्हणजे नीट चाललेल्या पॅनेलमध्ये आणि शॉर्ट झालेल्या पॅनेलमध्ये फरक एका अँपिअरचा. फ्यूज बिचारा काय ओळखणार? त्याला सगळं आलबेलच वाटतं. एकच माळ असेल तर फ्यूजचा तिथे जवळजवळ उपयोगच नसतो. तो खरा कामाला येतो तो तीन किंवा अधिक माळा एकत्र जोडल्या की, जेव्हा बाकीच्या माळांची वीज एका बिघडलेल्या माळेत उलटी शिरू शकते.

हा धडा महागात शिकावा लागला. एप्रिल २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्ड इथे एका मोठ्या दुकानाच्या छपरावरच्या सोलरला आग लागली. एप्रिल २०११ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या माउंट हॉली इथे तसंच झालं. दोन्ही ठिकाणी तारेची वीज जमिनीकडे गळली तर तोडणारं साधन बसवलेलं होतं. तरी आग लागली! बिल ब्रुक्स या इंजिनीअरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तपास केला तेव्हा कळलं की त्या साधनाला एक आंधळा कोपरा होता. तिथल्या पद्धतीत दोन तारांपैकी एक तार मुद्दामच जमिनीला जोडलेली असायची. तीच तार सोलवटून कुठे पत्र्याला टेकली तर गळती इतकी बारीक असायची की साधनाला पत्ताच लागायचा नाही. महिनोन्‌महिने ती तशीच राही. मग एक दिवस दुसरी तार कुठेतरी टेकायची, साधन जागं होऊन वीज तोडायचं, पण तोवर विजेला त्या जुन्या, न दिसलेल्या भोकातून दुसरी वाट मिळालेली असायची. पहिला बिघाड छोटा होता म्हणून दुर्लक्षित राहिला आणि त्यानेच दुसऱ्याला दार उघडलं. घरातल्या भांडणांचंही असंच असतं म्हणा.

पुढची ठिणगी अग्निशामक दलाकडून पडली. सप्टेंबर २०१३ मध्ये न्यू जर्सीतल्या डेलँको इथलं एक प्रचंड गोदाम पेटलं. आग सोलरमुळे लागली असं नव्हे, पण छपरावर ७ हजारांहून अधिक पॅनेलं होती आणि दिवसाउजेडी ती बंद करायची सोय नव्हती. खाली मेन स्विच पाडला तरी वरच्या तारांत वीज असतेच, कारण सूर्याला बटन नसतं. छपरावर चढून भोक पाडायचं की नाही, या प्रश्नापाशी आग विझवणारे अडले.

यातून नियम आले ते असे. २०११ च्या अमेरिकी संहितेत आर्क ओळखून वीज तोडणारं साधन सक्तीचं झालं. ते ओळखतं कसं? तारेतल्या विजेत आर्कमुळे एक विशिष्ट गोंगाट मिसळतो, तो "ऐकून". शंभरेक वर्षांपूर्वी हर्था आयर्टन लंडनमध्ये बसून आर्कचा आवाज ऐकत होत्या, आणि आज इन्व्हर्टरमधली चिप तेच काम करते! मला वाटतं या सगळ्या वाचनातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. मग २०१४ मध्ये छपरावरची वीज झटपट उतरवण्याचा नियम आला आणि २०१७ मध्ये तो आणखी कडक झाला: पॅनेलांच्या आतल्या भागातसुद्धा ३० सेकंदांत ८० व्होल्टच्या खाली यायला हवं. म्हणजे सूर्याला नाही तर निदान प्रत्येक पॅनेलला तरी बटन. आपल्याकडच्या साध्या घरगुती सिस्टिममध्ये हे सहसा दिसत नाही.

हे वाचून कोणी घाबरून पॅनेल उतरवायला निघू नये. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या अभ्यासात आगीला कारण ठरलेल्या सिस्टिमचं प्रमाण एका टक्क्याचा शंभरावा भागसुद्धा भरलं नाही. स्वयंपाकघरातला गॅस याहून बेभरवशाचा असेल. पण ज्या थोड्या आगी लागतात त्या बहुधा पॅनेलमुळे लागत नाहीत, जोडणीमुळे लागतात. ढिला स्क्रू, पकडीने दाबलेला कनेक्टर, पाणी शिरलेली पेटी.

कनेक्टरचीही एक छोटी गोष्ट आहे. सुरुवातीच्या पॅनेलना मागे नुसते स्क्रू असत, वायर सोलून आवळायची. १९९६ मध्ये मल्टी-कॉन्टॅक्ट या स्विस कंपनीने एमसी-थ्री नावाचा बोटभर प्लग आणला. ओढला की निघायचा. चालू माळेत कोणी तो ओढला तर काय होणार ते वर वाचलंच आहे. म्हणून "कट्" असा आवाज करून अडकणारा एमसी-फोर आला, आणि अमेरिकेच्या २००८ च्या संहितेने तर हाताला सहज लागणारा कनेक्टर हत्याराशिवाय उघडताच येऊ नये असं सांगितलं. आता बाजारात त्याच्यासारखे दिसणारे डझनभर आहेत. एका कंपनीचा नर आणि दुसरीची मादी एकमेकांत बसतात, आवाजही बरोबर येतो, पण आतला धातू नीट भिडत नाही. वर्षभर काही होत नाही. मग तो सांधा गरम व्हायला लागतो.

आणि वायर! सोलरची वायर सोलून बघितलीत तर आतलं तांबं लालसर नसतं, चंदेरी दिसतं. ती चक्क कल्हई आहे. तांब्याच्या प्रत्येक बारीक तारेला कथिलाचा मुलामा. एकोणिसाव्या शतकात रबराचं आवरण असलेल्या तारा आल्या तेव्हा रबरातला गंधक तांब्याला खायचा, म्हणून तारेला कल्हई करायला लागले. पुढे पीव्हीसी आलं आणि घरगुती वायरची कल्हई गेली, जशी स्टील आल्यावर दारावरचा कल्हईवाला गेला. छपरावर उन्हापावसात आणि खाऱ्या हवेत पंचवीस वर्षं काढायची म्हटल्यावर ती परत आली. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक कळकतं हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं, तेच इथेही.

आता पेटीकडे. तिच्यावर आयपी ६५ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. सहा म्हणजे धूळ अजिबात नाही, पाच म्हणजे नळीने पाण्याचा झोत मारला तरी आत बाधा नाही. पण हा आकडा कारखान्यातून निघालेल्या पेटीचा आहे, भिंतीवरच्या नव्हे. वायरमनने घाईत वरच्या बाजूने भोक पाडून तार आत घातली की त्या क्षणी ६५ चं काहीही होऊ शकतं. तार नेहमी खालून, ग्लँड घट्ट आवळून, आणि पेटीत शिरण्याआधी तारेला खाली झोळ दिलेला हवा म्हणजे पाणी झोळाच्या टोकावरून टपकून जातं. हे एवढं साधं आहे. शिवाय पेटी श्वास घेते. दुपारी तापून आतली हवा बाहेर जाते, संध्याकाळी सर आली की गार होऊन बाहेरची ओली हवा आत ओढते. म्हणून पेटी सावलीत हवी, उत्तरेच्या भिंतीवर असेल तर उत्तम.

देवरुखला आमच्या काकांच्या घरी ३ किलोवॉट बसलं. काका वीज मंडळात लाईनमन होते, खांबावर चढण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांचा एकच नियम: बंद आहे असं ब्रह्मदेवाने सांगितलं तरी आधी टेस्टर लावायचा. पहिल्या पावसाळ्यानंतर पेटीत मुंग्यांचं वारूळ आणि पालीची अंडी निघाली, टर्मिनलवर हिरवट बुरा. बसवून गेलेले लोक फोन उचलेनात. शेवटी दुसरा एक मुलगा आला, आयटीआय झालेला, विशी-बाविशीचा. तो इन्व्हर्टर बंद करायला खाली उतरला तेवढ्यात काकांनी सवयीने टेस्टर काढून लाल वायरच्या उघड्या टोकाला लावला. दिवा लागला नाही. "मेलीये," म्हणाले आणि हात पुढे केला. मुलगा जिन्यातून ओरडला, "आजोबा, हात लावू नका! तो टेस्टर इथे चालत नाही."

खरंच चालत नाही. टेस्टरचा दिवा लागतो तो आपल्या अंगातून जमिनीकडे जाणाऱ्या अगदी बारीक विजेमुळे. छपरावरच्या माळेची दोन्ही टोकं जमिनीपासून तोडलेली असतात, वर डीसी, त्यामुळे तो भरवशाने पेटत नाही. सहा पॅनेलची माळ म्हणजे जवळजवळ ३०० व्होल्ट, तरी टेस्टर गप्प. एका टोकाला हात लागला तर कदाचित काही झालंही नसतं, दोन्हीला लागला असता तर... असो. त्या मुलाने मीटर लावून आकडा दाखवला. काका बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. चाळीस वर्षं ज्या नियमाने त्यांना जिवंत ठेवलं होतं, तो त्यांच्याच छपरावर लागू पडत नव्हता.

रागवायचं कोणावर, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. पॅनेल पंचवीस वर्षं वीज देईल असा कागद मिळतो. योजनेत बसवणाऱ्याकडे देखभाल असते पाच वर्षं. उरलेली वीस वर्षं ती वायर, तो ग्लँड, तो स्क्रू कोणाचा? त्या पेटीवर काम करणारी पोरं दिवसाला दोन-दोन छपरं करतात, त्यांना कोणी हर्था आयर्टन सांगितलेल्या नसतात, बेकर्सफील्ड सांगितलेलं नसतं. सव्वाशे वर्षांचं शहाणपण त्या राखाडी पेटीत भरलेलं आहे, पण ती बसवणाऱ्याच्या आणि वापरणाऱ्याच्या डोक्यापर्यंत ते पोचायचं राहिलंय. घाई वाढली की नियम आगीमागूनच येतात, असंच आजवर झालेलं आहे. या वेळी थोडे आधी आले तर बरं.

म्हणून नात्यातल्या सगळ्यांना, आणि ज्यांच्या छपरावर पॅनेल चढतंय त्या ब्लॉगमित्रांना एवढंच. किलोवॉट विचारून झाले की चार गोष्टी आणखी विचारा. वायर कल्हईची, सोलरचीच आहे ना? कनेक्टरचे दोन्ही भाग एकाच कंपनीचे आणि क्रिंपिंगच्या हत्याराने दाबलेले आहेत ना? डीसीडीबीत बसवलेला स्विच डीसीसाठीचाच आहे, एसीचा उचलून लावलेला नाही ना? अर्थिंग साधारण तीन असतात, डीसीची, एसीची आणि वीजरोधकाची. ती मोजून दाखवली का? आणि दर पावसाळ्यानंतर एकदा जाणत्या माणसाकडून पेटी उघडून घ्या. स्वतः उघडू नका, आणि घरातला टेस्टर तर वर नेऊच नका.

तुमच्याकडच्या पेटीत काय सापडलं ते जरूर लिहा. पाल सापडली तर फोटो नाही पाठवलात तरी चालेल.